थांबायला कोण सांगतं?

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही असा आपल्याकडे दंडक आहे. नांगरलेल्या जमिनीतलं काही चालत नाही. परसातल्या भाज्या, कंद, आपोआप उगवलेलं काय ते चालतं. त्या दिवशीच्या भातासाठी काही ठिकाणी ‘देवभात’ शोधतात. तळ्याच्या काठाला, ओहोळात, पाणथळ खड्ड्यात कोणी न पेरता येणारं हे रानटी भाताचं गवत. छत्तीसगडात हलषष्ठीच्या उपासाला हेच धान्य ‘पसहर’ या नावाने खातात आणि कारणही तेच देतात, की याला नांगर लागलेला नाही. माणसाने पेरलं नाही म्हणजे देवाने पेरलं, असा सरळ हिशेब आहे.

हाच दाणा शेतात शिरला की मात्र तो देवाचा राहत नाही. पीक फुलोऱ्यावर येईपर्यंत तो भातासारखाच दिसतो, बेणणाऱ्या बाईच्या हाताला फरक कळत नाही, आणि कापणीच्या आधीच त्याचे दाणे झडून चिखलात जातात. पुढच्या वर्षी त्यातले काही उगवतात. काही त्याच्या पुढच्या वर्षी. शेतकऱ्याचा खरा वैताग या हप्त्याहप्त्याने येण्याचा असतो. सगळे एकदम आले असते तर एकदाच उपटून टाकता आले असते.

ताजा रानभात आणि ताजा पेरणीचा भात शेजारी शेजारी ओल्या फडक्यात ठेवले, तर पेरणीच्या भाताला दोन-चार दिवसांत मोड येतात. रानभात बहुधा तसाच पडून राहतो. पाणी मिळालं, ऊब मिळाली, हवा मिळाली, तरी नाही. तो मेलेलाही नसतो. काही आठवडे-महिने कोरड्या उबेत ठेवून पुन्हा भिजवला की उगवतो. याला वनस्पतिशास्त्रात सुप्तावस्था म्हणतात, आणि या शब्दावर माझा आक्षेप आहे. सुप्त म्हणजे झोपलेला. हा दाणा झोपलेला नसतो.

गेल्या शतकातल्या साठच्या दशकाच्या सुरुवातीला दोन ठिकाणी दोन वेगळ्या प्रश्नांवर काम चाललं होतं. कॅलिफोर्नियात फ्रेडरिक ॲडिकॉट आणि त्यांचे सहकारी कपाशीची बोंडं का गळतात ते शोधत होते. वेल्समध्ये फिलिप वेअरिंग यांचा गट झाडांच्या कळ्या हिवाळ्याआधी वाढणं का थांबवतात ते पाहत होता. दोघांना सापडलेला पदार्थ एकच निघाला. वेअरिंग यांनी त्याला झोपेवरून ‘डॉर्मिन’ म्हटलं होतं. शेवटी टिकलं ते गळण्यावरून आलेलं नाव, ॲब्सिसिक आम्ल. पुढे कळलं की पानं-फळं गळण्यात मुख्य हात इथिलीनचा असतो, या आम्लाचा नव्हे. पाटी चुकीची लागली ती लागलीच. या आम्लाचं मोठं काम धरून ठेवण्याचं आहे: दुष्काळात पानांची रंध्रं मिटून पाणी धरून ठेवणं, आणि दाण्यात कोंब धरून ठेवणं.

त्याच्या विरुद्ध बाजूला जिबरेलिन असतं. तेही सापडलं भाताच्याच शेतात. जपानमध्ये भाताची काही रोपं शेजारच्यांच्या कितीतरी वर उंच वाढत, फिकट पडत आणि दाणा न धरताच कोसळत. शेतकरी त्यांना ‘बकाने’ म्हणत, म्हणजे खुळं रोप. १९२६ साली एइइची कुरोसावा यांनी दाखवलं की हा खुळेपणा एका बुरशीने सोडलेल्या रसायनाचा आहे. पुढे तेच रसायन वनस्पती स्वतःसुद्धा बनवतात असं दिसलं. ओल्या दाण्यात गर्भ जिबरेलिन सोडतो, ते दाण्याच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या पातळ थरापर्यंत पोचतं, तो थर अमायलेज बनवतो, अमायलेज पिठाची साखर करतं, आणि त्या शिदोरीवर कोंब वाढतो. ॲब्सिसिक आम्ल ही साखळी तोडतं.

इथवर पाठ्यपुस्तकातही सापडेल. मला विचारात टाकलं ते पुढच्या भागाने. दाणा पिकताना त्यात आम्लाचा साठा भरला गेला आणि तो संपेपर्यंत दाणा थांबला, असं ते साधं नाही. दाणा भिजला की सुप्त नसलेल्या दाण्यात या आम्लाचं प्रमाण भराभर उतरतं. सुप्त दाणा मात्र भिजल्यावर ते नव्याने बनवायला घेतो. फ्लुरिडोनसारखं औषध देऊन ते बनवणं अडवलं, तर अशा पुष्कळ दाण्यांना कोंब फुटतो. थोडक्यात, पावसाने दार वाजवल्यावर आतून जो नकार येतो तो जुना लिहून ठेवलेला नसतो. प्रत्येक ओलीला तो पुन्हा दिला जातो, आणि त्यासाठी दाणा आपल्या तुटपुंज्या पुंजीतून खर्च करतो. याला झोप कसं म्हणायचं?

पण मग हा नकार कोणाचा, हा प्रश्न उरतो. दाणा ‘थांबतो’ असं आपण सहज म्हणतो. थांबणं आणि थांबवलं जाणं यात मराठी व्याकरण फरक करतं, माणसाच्या बाबतीत आपण तो वारंवार विसरतो.

गवताच्या दाण्यात निदान तीन पिढ्यांचे हात गुंतलेले असतात. आतला गर्भ हा नवा जीव. त्याच्या भोवतीची दाण्याची साल आणि त्यावरचं तूस मात्र पूर्णपणे आईच्या शरीराचं. सातूच्या तुसातली फिनॉल जातीची द्रव्यं भिजल्यावर प्राणवायू स्वतःच खाऊन टाकतात आणि गर्भापर्यंत फारसा पोचू देत नाहीत. गर्भ गुदमरला की ॲब्सिसिक आम्लाचा अंमल त्याच्यावर आणखी चढतो. तूस सोलून काढलं की पुष्कळ गवतांचे अडलेले दाणे उगवतात. रानओट हे जगभरच्या गव्हाच्या शेतांतलं कुप्रसिद्ध तण. त्याचं झाड उष्ण, कोरड्या दिवसांत पिकलं तर दाणे कमी हट्टी निघतात, गार आणि ओल्या दिवसांत पिकलं तर जास्त. आईने पाहिलेला मोसम लेकराच्या थांबण्याची मुदत ठरवतो. ते लेकरू अजून जमिनीवर पडलेलंही नसतं. आणि त्या आईला कसं थांबायचं हे शिकवणाऱ्या जनुकांमध्ये तिच्या आधीच्यांचे दुष्काळ आहेतच.

आहारोन आरोनसोन यांना १९०६ साली गॅलिलीतल्या रोश पिना गावाजवळ रानटी एमर गहू सापडला, आपल्या खपली गव्हाचा रानातला पूर्वज. त्याच्या ओंबीचा एकेक तुकडा बाणासारखा सुटून पडतो आणि लांब कुसळांच्या हालचालीने जमिनीत शिरतो. प्रत्येक तुकड्यात बहुधा दोन दाणे असतात. वरचा मोठा, खालचा लहान. पहिल्या पावसात मोठा उगवतो. लहान पुष्कळदा थांबतो, पुढच्या वर्षापर्यंत. एका आईची, एका तुसाच्या घरातली, एकाच मातीत पडलेली ही दोन भावंडं. पाऊस लागला तर मोठं वंश चालवील. पाऊस दगा देऊन गेला आणि मोठं करपलं, तर लहान आहेच.

यामागचं गणित डॅन कोहेन यांनी १९६६ साली मांडलं. पावसाचा भरवसा नसलेल्या प्रदेशात सगळंच बी एका वर्षी उगवलं, तर एका वाईट वर्षात वंश बुडतो; काहीच उगवलं नाही तर चांगली वर्षं वाया जातात. ढोबळमानाने, दहापैकी सात वर्षं बरी जात असतील तर त्या सुमारास सात-दशांश बियांनी उगवावं, बाकीच्यांनी थांबावं. हे वाचताना पहिल्यांदा कौतुक वाटतं, आणि मग थोडं अस्वस्थ व्हायला होतं. कारण हे गणित वंशाचं आहे. थांबलेल्या दाण्याला त्यात काय मिळतं? तो थांबतो त्या काळात त्याला मुंग्या नेतात, बुरशी लागते, नांगर खोल गाडतो. १९८६ साली स्टीफन एलनर यांनी हेच नेमकं दाखवलं, की किती बियांनी थांबावं याबद्दल आईचं हित आणि बीचं हित एक नसतं. आईला सगळी लेकरं सारखी. चारपैकी दोन राखून ठेवणं तिला परवडतं. राखीव कोणी व्हायचं, हा प्रश्न तिला पडत नाही. तो फक्त राखीव झालेल्याला पडू शकला असता.

आपल्या घरांमध्ये हे गणित कोणी न शिकवता चालत आलं आहे. एकाला शिकायला पुण्या-मुंबईला धाडायचं, एकाला जमिनीपाशी ठेवायचं. दोघं बाहेर गेले आणि दोघांचंही बस्तान बसलं नाही तर काय, म्हणून. मुलीचं आधी उरकायचं की मुलाची फी आधी भरायची, हेही त्याच हिशेबात बसतं. हा हिशेब मूर्खपणाचा नव्हता. पुष्कळ कोरडवाहू घरं त्याच्यावरच तरली आहेत, आणि ती तरली म्हणून आज कोणी त्याच्यावर बसून लेख लिहू शकतं. पण राखून ठेवलेल्या भावाला आपण पुढे ‘समजूतदार’ म्हणतो, तिथे मला खटकतं. त्याला विचारलं गेलं नव्हतं. घर तरलं हे खरं, आणि त्यासाठी एकाचा मोसम गेला हेही तितकंच खरं. पहिल्या गोष्टीने दुसरीचा हिशेब फिटत नाही. सरासरी घराची निघते, माणूस एकदाच असतो.

एवढ्यावर थांबलो तर गोष्ट फार सोपी होईल. आईने अडवलं, लेकरू अडलं, झालं. पण १९८३ सालच्या एका प्रयोगाने यात पेच टाकला. प्रयोग गवतावरचा नाही, मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपट्यावरचा आहे. हॉलंडमध्ये कार्सेन आणि सहकाऱ्यांनी ॲब्सिसिक आम्ल बनवू न शकणारी रोपं आणि बनवू शकणारी रोपं यांचा उलटसुलट संकर केला. दिसलं असं, की आईकडून दाण्यात येणारं आम्ल प्रमाणाने पुष्कळ असलं, तरी त्याने सुप्तावस्था येत नाही. गर्भाने स्वतः बनवलेलं थोडंसं आम्लच ती आणतं. गवतात तुसाचा पहारा जास्त कडक, त्यामुळे हे तसंच्या तसं उचलून लावता येणार नाही. तरीही भिजल्यावर पुन्हा नकार बनवणारा तो आतला जीवच आहे. त्याला हे कोणी शिकवलं, जनुकं कोणाची, हे प्रश्न आहेतच; पण ते माझ्या स्वभावाबद्दलही विचारता येतील. मी ज्याला माझा संयम म्हणतो, त्यातला किती आईच्या धाकाचा, किती बापाच्या कर्जाचा आणि किती माझा, हे वेगळं काढता येणं अवघड आहे. म्हणून ‘लादलेलं की निवडलेलं’ ही वाटणी मला आता फारशी उपयोगाची वाटत नाही. तिच्या जागी दुसरा प्रश्न विचारावा: हे थांबणं संपणार कशाने, आणि ते संपवणारी गोष्ट कोणाच्या हातात आहे?

दाण्याच्या बाबतीत याला उत्तरं आहेत, आणि ती जगातल्या खऱ्या गोष्टींशी बांधलेली आहेत. कोरड्या, उष्ण दिवसांत दाण्याच्या आत मंद ऑक्सिडीकरण चालू राहतं आणि काही महिन्यांत नकाराचा जोर ओसरतो. म्हणजे उन्हाळा सरला याची ती नोंद असते. मातीत नायट्रेट वाढलं की रानओट उगवायला राजी होतो, कारण नायट्रेट वाढलं म्हणजे ते शोषून घेणारी दुसरी मुळं जवळ नाहीत. धुराचंही तसंच. २००४ साली धुरातून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं, जळणाऱ्या वनस्पतीतल्या सेल्युलोजपासून बनणारं. त्याच्या गटाला पुढे कॅरिकिन नाव मिळालं. वणवा गेला, रान मोकळं झालं, हा निरोप ते पावसाच्या पाण्यातून बियांपर्यंत नेतं, आणि रानओटही त्या निरोपाला ओ देतो. आईने कुलूप लावलं असेल, पण किल्ली तिने आपल्या कनवटीला ठेवलेली नाही. ती तर बहुधा तोवर वाळून गेलेली असते.

माणसांच्या ‘थांबा’ची गंमत इथे वेगळी होते. शिर्डीचं ‘श्रद्धा आणि सबुरी’ रिक्षांच्या काचांवर असतं, दुकानांच्या गल्ल्यावर असतं, आणि ते वाचून पुष्कळांना बळ येतं, याबद्दल मला शंका नाही. फकिराने स्वतःसकट सगळ्यांना सांगितलेली सबुरी वेगळी आणि दाराच्या आतल्याने बाहेरच्याला सांगितलेली वेगळी. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्यानंतर पाच वर्षं गेली तरी दार उघडलं नाही. ते कधी उघडेल याला कोणतीही अट नव्हती, म्हणजे अमुक झालं की उघडेल असं काही नव्हतंच. उन्हाळे किती सरले याची नोंद त्या कुलपात होत नव्हती. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात आंबेडकरांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. आणि त्यानंतर ते स्वतः थांबले. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ची, म्हणजे मध्ये एकवीस वर्षं. त्या एकवीस वर्षांत धर्मांची पारख होती, वाचन होतं, माणसं तयार करणं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही थांबणीच. पहिल्या थांबण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती, दुसऱ्याची नव्हती. धीर हा एकच शब्द दोन्हीकडे वापरून आपण फार काही झाकतो.

आता पेरणीच्या भाताकडे. रानभाताचा दाणा सोलला तर आतून लालसर असतो. हा रंग आरसी नावाच्या जनुकामुळे येतो. जगातल्या बहुतेक पांढऱ्या तांदळात या जनुकाचा चौदा अक्षरांचा तुकडा गळालेला आहे. तेवढ्याने दाणा पांढरा झाला आणि माणसांना तो आवडला. २०११ साली स्पष्ट झालं की हेच जनुक दाण्यातलं ॲब्सिसिक आम्लही वाढवतं. म्हणजे पांढरा दाणा निवडताना आपल्या पूर्वजांनी नकळत कमी नकार देणारा दाणाही निवडला. शिवाय पेरल्यावर जे लगेच उगवलं तेच कापलं गेलं, तेच पुन्हा पेरलं गेलं. थांबणारे दाणे दर हंगामात मागे पडत गेले. हजारो वर्षं आपण धान्याला एकच गुण शिकवला, सांगितल्याबरोबर उठण्याचा. एकाच दिवशी सगळं शेत हिरवं होतं, ते या शिकवणीमुळे. आपली सगळी संस्कृती त्या आज्ञाधारकपणावर उभी आहे, त्यामुळे तिला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

किंमत मात्र चुकती होते. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस लांबला आणि कोकणात कापून आडव्या टाकलेल्या भाताला, काही ठिकाणी उभ्या लोंबीलाच, मोड आले. दाण्याला वाटलं पेरलं. पाणी आलं म्हणजे उठायचं, एवढंच त्याला ठाऊक. हा पाऊस जूनचा नाही हे विचारायची सोय आपण त्याच्यातून काढून टाकलेली. रानभात त्याच चिखलात गप्प पडून राहिला असणार. हे पाहिल्यावर भातपैदासकार आता दोन-तीन आठवड्यांची सुप्तावस्था वाणात परत आणू पाहतात. दोन-तीनच आठवडे, जास्त नको. नकार हवा, पण आपल्या सोयीचा.

आणि सोयीचा होकारही. ज्वारीच्या मुळावर जगणारा टारफुला हे गवत नव्हे, पण त्याचं बी ज्वारीच्या मुळातून झिरपणाऱ्या रसायनाची चाहूल लागेपर्यंत वर्षानुवर्षं मातीत थांबतं. हा टारफुला अमेरिकेतल्या कॅरोलिना प्रांतांत मक्याला लागला, तेव्हा तिथे जमिनीत इथिलीन वायू सोडून बियांना फसवलं गेलं: पीक आलं असं समजून ती उगवली आणि खायला मूळ न मिळाल्याने मेली. शास्त्रज्ञ याला आत्मघाती अंकुरण म्हणतात. आत्मघात कसला? खोटी हाक मारून बाहेर काढलं, त्याला वेगळा शब्द आहे. मला शेतकऱ्याचं चुकतं असं म्हणायचं नाही. ज्याच्या ज्वारीवर टारफुला बसतो त्याला नीतीचे धडे कोणी देऊ नयेत. फक्त शब्द तरी खरा वापरावा.

आपल्याकडे याची साधी, जुनी पद्धत आहे. पहिल्या पावसावर पेरायची घाई करायची नाही. तण उगवू द्यायचं, ते बोटभर झालं की वखराची पाळी द्यायची, आणि मग पेरायचं. पाऊस खरा असतो, हाक खरी असते, वखर मागून येतो. उगवलेलं सगळं उलटं होऊन उन्हात पडतं, संध्याकाळपर्यंत सुकतं. शेतकरी बांधावर उभा राहून पाहतो, रान स्वच्छ दिसतं. मग पाभर जुंपतात. तिच्या दातांखाली, दोन-चार बोटं खोल, या पावसाला ज्यांनी ओ दिली नाही ते दाणे असतातच.